पाहुणे होण्याआधी

गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक लांबट रजिस्टर पडून आहे. महाविद्यालयात हजेरीसाठी मिळत असे त्या जातीचे. निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामे करताना दोन कोरी रजिस्टरे घरी आली, त्यांतले हे एक. पहिल्या पानावर पत्नीच्या हस्ताक्षरात ‘सेंट लुशिया’ असे लिहिले आहे आणि त्याखाली रेघा मारून रकाने पाडले आहेत: दिवस, निघण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, मुक्काम, खर्च. ती तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. रकाने पाडल्याशिवाय तिला कुठलाही विचार पुढे नेता येत नाही. माझे उलटे आहे. रकान्यात भरण्याजोगे काही सुचेपर्यंत माझ्या डोक्यात दोन कादंबऱ्या आणि एक महाकाव्य येऊन जाते. त्यामुळे रजिस्टरच्या उजव्या पानांवर तिचे वेळापत्रक आहे आणि डाव्या पानांवर माझी टिपणे. हा लेख बराचसा त्या डाव्या पानांवरून उतरवला आहे. उजव्या पानांनी तो कसा दुरुस्त केला, तेही सांगायचे आहे.

वसईतल्या एका निवृत्त प्राध्यापकाने कॅरिबियन बेटांच्या सहलीच्या गोष्टी कराव्यात हे थोडे हास्यास्पद आहे, याची मला कल्पना आहे. आमच्याकडे लोक निवृत्तीनंतर चारधाम करतात. शेजारची ख्रिस्ती मंडळी वेलंकनीला, जमलेच तर पवित्र भूमीला जाऊन येतात. ज्यांची मुले परदेशी आहेत ते नातवंडे सांभाळायला जातात. पण मी वीस-पंचवीस वर्षे एम.ए.च्या वर्गाला उत्तर-वसाहतवादी साहित्याचा पेपर शिकवला. दर वर्षी जुलैमध्ये फळ्यावर खडूने त्या बेटांची कमान काढली, वर क्यूबा आणि जमैका, खाली त्रिनिदाद, मध्ये ठिपके. त्या ठिपक्यांविषयी मी अधिकाराने बोलत आलो. ज्या भूमीवर एकदाही पाऊल ठेवले नाही तिची वेदना समजावून सांगण्याचा पगार घेत आलो, असे कुणी म्हटले तर मला उत्तर देता येणार नाही.

खरे म्हणजे ती बेटे माझ्याआधी वडिलांची होती. त्यांनी डेरेक वॉलकॉट वाचला नव्हता, नायपॉलचे नाव ऐकले नव्हते. त्यांचा कॅरिबियन 1971 साली वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर तयार झाला. अजित वाडेकरांचा संघ तिथे गेला, पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजला हरवून आला. दिलीप सरदेसाईंनी 642 धावा केल्या आणि पदार्पणाच्याच मालिकेत सुनील गावसकरांनी चार कसोट्यांत 774. वाडीत केळीला पाणी लावताना वडील त्या मालिकेची मैदाने स्तोत्रासारखी म्हणत: किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाऊन, ब्रिजटाऊन, पुन्हा पोर्ट ऑफ स्पेन. ऐकणाऱ्याला वाटावे, नायगाव, वसई, नालासोपारा, विरार अशी ओळीने स्टेशने आहेत आणि गाडी पाच-पाच मिनिटांनी थांबते आहे. जॉर्जटाऊन बेटावर नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, गयानात आहे, हे मी त्यांना नकाशा उघडून दाखवले होते. त्यांनी नकाशाकडे पाहिले आणि म्हणाले, “छापणाऱ्याची चूक असेल.”

प्रवासाचा आराखडा करायला बसलो आणि वडिलांचा व माझा, दोघांचाही नकाशा मोडला. माझ्या पहिल्या डाव्या पानावर जमैका, अँटिग्वा, सेंट लुशिया, बार्बाडोस, त्रिनिदाद अशी पाच नावे होती आणि त्यांपुढे बारा दिवस. पत्नीने रकान्यांत वेळा भरायला घेतल्या. किंग्स्टनहून ब्रिजटाऊन जवळजवळ 1,900 किलोमीटर. म्हणजे मुंबईहून कोलकात्याला जावे त्याहून लांब, आणि सगळे समुद्रावरून. प्रत्येक बेटाचे सरकार निराळे, चलन अनेकदा निराळे, प्रवेशाचे नियम निराळे. एका बेटावरून शेजारच्या बेटावर जायला कधी तिसऱ्याच बेटावर विमान बदलायचे. दोन तास तिने वेळापत्रके जुळवून पाहिली आणि चष्मा काढून विचारले, “मग हे तुमचं वेस्ट इंडीज नावाचं गाव नेमकं आहे तरी कुठे?”

प्रश्न शाळेतल्या बाईंचा होता, आणि पंचवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नव्हता. वेस्ट इंडीज कुठेही नाही. ब्रिटिश वसाहतींतल्या दहा बेटप्रदेशांचे एक संघराज्य 1958 मध्ये स्थापन झाले आणि 1962 मध्ये विसर्जित झाले; जमैकाने आदल्या वर्षी सार्वमत घेऊन बाहेर पडायचे ठरवल्यावर ते टिकणे शक्यच नव्हते. मागे उरला तो क्रिकेटचा संघ, 1948 साली सुरू झालेले वेस्ट इंडीज विद्यापीठ, आणि 1956 साली माँटसेराट बेटावर सुरू झालेली ‘लिआट’ ही छोट्या विमानांची कंपनी, जी पुढे तिथल्या सरकारांनी मिळून चालवली. ती 2020 मध्ये डबघाईला आली आणि 2024 मध्ये नव्या रूपात पुन्हा उडू लागली. ज्याला मी वर्गात ‘कॅरिबियन जाणीव’ म्हणत आलो तिचा पाया असा अकरा खेळाडू, काही प्राध्यापक आणि थोडी पंख्यांची विमाने यांच्यावर उभा आहे. बाकीचा समुद्र प्रत्येकाचा आपापला. समीक्षेत एका वाक्यात पाच बेटे गुंफता येतात. तिकिटात येत नाहीत. आम्ही पाचांची दोन केली.

अँटिग्वा सोडायला मी सहजी तयार नव्हतो. जमैका किंकेडचे ‘अ स्मॉल प्लेस’ हे 1988 चे छोटेसे पुस्तक मी दर वर्षी शिकवले आहे. त्यात ती वाचकालाच पर्यटक करते. तुम्ही विमानातून उतरता, एका पंतप्रधानाचे नाव दिलेल्या विमानतळातून बाहेर पडता, टॅक्सीत बसता, आणि तुम्हाला जे दिसते त्याच्या मागे काय आहे ते ती एका दमात, न थांबता सांगत सुटते. 1974 च्या भूकंपात मोडलेल्या आणि वर्षानुवर्षे दुरुस्तीची पाटी मिरवणाऱ्या सेंट जॉन्सच्या ग्रंथालयाविषयी तिने फार कडवटपणे लिहिले आहे. ती जागा पाहावी, अशी माझी इच्छा होती. मी हे सगळे पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे त्या बाईंनी पुस्तक लिहून येऊ नका असं सांगितलंय, आणि तुम्ही त्यांच्याच घराचा पत्ता शोधताय.” अँटिग्वा खोडले.

उरलेल्या दोन बेटांना पोहोचायचे कसे, हा पुढचा प्रश्न. मुंबईहून तिकडे थेट जाणारे नियमित विमान नाही. थेट विमानाची एक गोष्ट आम्हाला ठाऊक होती, ती वेगळी. 29 जून 2024 ला भारताने ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-20 विश्वचषक जिंकला आणि ‘बेरिल’ चक्रीवादळामुळे संघ तिथेच अडकला. मग एअर इंडियाचे खास विमान त्यांना बार्बाडोसहून दिल्लीला घेऊन आले. वडील असते तर विजयापेक्षा त्या विमानाच्या मार्गावर जास्त बोलले असते. त्या वादळाने एक रकाना मात्र आमच्यासाठी भरला. वादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला.

आम्ही पाहिले तेव्हा, त्रिनिदादला आणि बार्बाडोसला थोड्या मुक्कामासाठी जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नव्हता. बेटांचे दार उघडे होते. अडचण वाटेत होती. न्यूयॉर्क किंवा मायामीवरून जायचे, तर नुसते विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनवरून जायचे, तर मुंबईचे विमान हीथ्रोला उतरते आणि आम्हाला हवे असलेले विमान गॅटविकहून सुटते. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचे म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत पाऊल टाकणे, म्हणजे पुन्हा व्हिसा, बँकेचे कागद, बोटांचे ठसे. ज्यांनी बोलावले त्यांना आमच्याविषयी काही विचारायचे नव्हते. ज्यांच्या अंगणातून फक्त जायचे होते त्यांना आमच्या निवृत्तिवेतनाचा आकडा हवा होता. डाव्या पानावर मी लिहिले आहे: ‘साखर लंडनला गेली, केळी इंग्लंडच्या बंदरांत गेली, नायपॉल 1950 मध्ये शिकायला ऑक्सफर्डला गेला. वसाहतीतून वसाहतीत जाणारा रस्ता अजूनही राजधानीवरून जातो.’ हे वाक्य वर्गात टाळ्या घेण्याजोगे आहे. उजव्या पानावर त्याच तारखेला लिहिले आहे: ‘लंडन व्हिसा: फोटो दोन, खर्च दोघांचा.’

आता पैशाविषयी सांगायला हवे. ते टाळून हा लेख लिहिला असता तर बरा दिसला असता, पण खोटा झाला असता.

आमची वाडी समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. केळी, पानवेली, कडेने नारळ, मधोमध बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीतले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, विहिरी गोड ठेवते. समुद्र इतका जवळ असताना गोड्या पाण्यावर बागायत करता आली ती या तळ्यांच्या जिवावर. राजेळी केळ्यांची सुकेळी आई करत असे. पिकलेली केळी सोलून दिवसेंदिवस उन्हात वाळवायची आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. हळूहळू पाणी खारट होऊ लागले, मजूर मिळेनासे झाले, वाडीला रस्त्याचा भाव आला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणले, तेव्हा मीही विद्यार्थी म्हणून घोषणा दिल्या आहेत. दिब्रिटो 2024 च्या जुलैमध्ये गेले. त्याच्या पुढच्या वर्षी मी आणि धाकट्या भावाने वाडी दिली.

दिली म्हणजे विकली. घेणाऱ्याला तिथे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट करायचे आहे. भाऊ म्हणाला, “दादा, तू कॉलेजात होतास, वाडी मी केली. मला आता होत नाही.” या वाक्यावर बोलण्याचा अधिकार मला नव्हता. बावखल बुजवले. त्याच जागी तरणतलाव खोदला जातो आहे, आणि त्याचे पाणी टँकरने येईल. माझ्या हिश्शाची रक्कम बँकेत जमा झाली त्या आठवड्यात पत्नी म्हणाली, “आयुष्यभर ज्या बेटांचं शिकवलंत ती एकदा बघून तरी येऊ.” असा हा प्रवास आहे. आपल्या किनाऱ्यावरची केळीची वाडी पर्यटकांना देऊन, त्या पैशातून दुसऱ्याच्या केळीच्या किनाऱ्यावर पर्यटक म्हणून जायचे.

‘दुसऱ्याच्या केळीच्या’ हे अलंकारासाठी म्हटलेले नाही. सेंट लुशिया हे जेमतेम सव्वासहाशे चौरस किलोमीटरचे, सुमारे पावणेदोन लाख वस्तीचे बेट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते केळ्यांवर जगले. डोंगरउतारावरचे लहान शेतकरी, त्यांची केळी बोटीने ब्रिटनला जात. जुन्या वसाहतींच्या केळ्यांना युरोपात मिळणाऱ्या सवलतीविरुद्ध अमेरिका आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतले काही देश जागतिक व्यापार संघटनेत गेले. 1997 मध्ये निकाल युरोपच्या विरुद्ध लागला आणि 2009 मध्ये तडजोड झाली. मोठमोठ्या मळ्यांतल्या स्वस्त केळ्यांपुढे ही छोटी बेटे टिकली नाहीत. त्यात 2010 च्या ‘टॉमस’ वादळासारखे तडाखे. माणसे शेतातून हॉटेलांत गेली. माझ्या भावाने जे एका वाक्यात सांगितले त्याला तिथे बारा वर्षांचा तंटा आणि जिनिव्हाचे दालन लागले, एवढाच फरक.

यातली गंमत अशी की ते केळही मुळात आपल्या बाजूचे. आशियातून निघालेली केळी कॅनरी बेटांवरून 1516 मध्ये एका स्पॅनिश धर्मगुरूने हिस्पॅनिओला बेटावर नेली, असे सांगतात. सहलीच्या प्रत्येक माहितीपत्रकावर वाकून उभा असलेला तो नारळ हिंदी महासागरातला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेला वळसा घालून अटलांटिकमध्ये नेला. हेच पोर्तुगीज त्याच शतकात, 1534 च्या तहाने, वसईचे धनी झाले होते. आंबाही इकडचाच. माहितीपत्रक उघडून पत्नी म्हणाली, “हे तर आपल्याच वाडीचे फोटो आहेत.” परतफेडही झालेली आहे. आमच्या पालघर जिल्ह्याचा अभिमान म्हणून ज्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तो डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या पट्ट्यातला. झाडांनी व्हिसा न काढता हा प्रवास केला. त्यांच्यामागून बोटीत घालून आणलेल्या माणसांचा प्रवास मात्र तसा नव्हता, हे मी इथे विसरू इच्छित नाही.

बेट म्हणजे काय, हेही आम्हाला नवे नाही. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. पूर्वेची सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली म्हणून वसई आज बेट वाटत नाही, इतकेच. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू आहे. रेल्वेचा पूल त्या बेटावरून जातो, गाडी थांबत नाही. तीस वर्षे मी त्या गावावरून ये-जा केली आणि त्याच्या मातीला पाय लावला तो एकदाच, होडीने. अर्नाळ्याच्या किल्ल्याचे बेट आहे. पोर्तुगीज त्याला गायींचे बेट म्हणत, मराठ्यांनी 1737 मध्ये तिथे किल्ला बांधला, आणि आज तिथे कोळ्यांची वस्ती आहे. आठवड्याच्या शेवटी मुंबईहून मंडळी येतात, होडीत बसतात, तटावर उभे राहून फोटो काढतात. वॉलकॉटच्या ‘ओमेरॉस’ची सुरुवात मी नेहमी याच बेटाच्या आधाराने शिकवली. 1990 च्या त्या महाकाव्याच्या आरंभी फिलॉक्टीट नावाचा कोळी पर्यटकांसमोर हसून उभा राहतो, होड्यांसाठी झाडे कशी तोडली ते सांगतो, आणि थोडे जास्त पैसे मिळाले तर पायाची जखमही दाखवतो. होमरची सगळी थोरवी सेंट लुशियाच्या किनाऱ्यावर आणणारा कवी पहिल्याच दृश्यात कॅमेरा दाखवतो, हे मी फळ्यावर अधोरेखित करत असे.

असेच एकदा किंकेड शिकवत होतो. वर्ग शांत होता. पर्यटकाची निर्भर्त्सना ऐकताना विद्यार्थ्यांना बरे वाटते, कारण तो पर्यटक गोरा असतो. मी म्हणालो, आपल्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांकडे बघा, आपणही तिथले ‘नेटिव्ह’च आहोत. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती किनाऱ्यावरच्याच एका गावातली होती. म्हणाली, “सर, माझी आई रिसॉर्टमध्ये चादरी बदलते. पाहुणे आले नाहीत की तिला बोलावत नाहीत. लेखिकेचा राग बरोबर आहे, पण तो राग करायला ती अमेरिकेत गेली. आई कुठे जाईल?” मग थोडे थांबून, “आणि टीप वाढणाऱ्याला मिळते, सर. जाताना टेबलावर ठेवतात ना. खोली आवरणारी कुणाला दिसतच नाही.” मी काहीतरी विद्वत्तापूर्ण उत्तर दिले. काय, ते आठवत नाही. तिची वाक्ये मात्र अक्षरशः आठवतात.

डिसेंबरमध्ये रजिस्टरवरून आमचे भांडण झाले. तोवर माझ्या डाव्या पानांनी उजव्या पानांवर अतिक्रमण केले होते. सेंट लुशियातल्या पाच दिवसांपैकी एक दिवस राजधानी कास्त्रीजसाठी होता. तिथल्या कोलंबस चौकाला 1993 मध्ये, म्हणजे नोबेलच्या पुढच्या वर्षी, डेरेक वॉलकॉटचे नाव दिले गेले, तो चौक पाहायचा. एक दिवस उजाड केळीमळ्यांसाठी. एक दिवस कोळ्यांच्या गावासाठी. हॉटेलही मी बदलले होते. सगळे समाविष्ट असलेले समुद्रकाठचे हॉटेल खोडून, गावातले साधे निवासस्थान, जिथे स्वयंपाकघर वापरता येते. मला वाटत होते, असे केले की आम्ही किंकेडच्या पुस्तकातले पर्यटक राहणार नाही. पत्नीने पान वाचले आणि रजिस्टर मिटले.

“ही सहल नाही,” ती म्हणाली. “हे तुमचं प्रायश्चित्त आहे. वाडी विकली त्याचं. ते तुम्ही इथेच करा.”

मी काही म्हणणार तोच ती पुढे बोलली. ती सहसा असे बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून, ती म्हणाली, मुंबईचे तुमचे नातेवाईक, मित्र, माझे माहेरचे, सगळे रविवारी इथे येतात, कारण इथे समुद्र आहे. ते बीचवर जातात आणि मी मासे साफ करते. ते वाळूचे पाय घेऊन परत येतात आणि मी लादी पुसते. सगळे म्हणतात, तुमची काय मजा आहे, रोजच सुट्टी. बत्तीस वर्षांत मी या समुद्रात कितीदा उतरले असेन, सांगा. तुम्ही वर्गात ‘आपण नेटिव्ह आहोत’ असं म्हणता; नेटिव्ह मी आहे. मला पाच दिवस दुसऱ्याने केलेलं जेवण हवंय आणि समोर समुद्र हवाय. स्वयंपाकघर असलेली खोली नको.

मी रजिस्टर उघडले आणि साध्या निवासस्थानावर रेघ मारली. त्या रात्री ‘अ स्मॉल प्लेस’ पुन्हा काढले. पर्यटकाला झोडपून झाल्यावर किंकेड जे म्हणते ते मी दर वर्षी घाईने उरकत असे, कारण तास संपत आलेला असे. प्रत्येक स्थानिक माणूस कुठल्या तरी ठिकाणचा संभाव्य पर्यटक असतो, त्यालाही रोजच्या कंटाळ्यातून सुटका हवी असते, आणि जगातल्या बहुसंख्य लोकांना ती परवडत नाही, अशा आशयाचा तो भाग आहे. पर्यटकाचा खरा हेवा तिथे आहे. मी शिकवताना राग शिकवला, हेवा वगळला. कारण राग सैद्धान्तिक चौकटीत नीट बसतो आणि हेवा घरातल्या बाईसारखा ओट्यापाशी उभा असतो. ते पुस्तक माझ्यापेक्षा तिला अधिक कळले होते, आणि तिने ते वाचलेले नाही.

मग आराखडा लवकर झाला. मुंबई ते लंडन, एक रात्र गॅटविकजवळ. तिथून साधारण साडेआठ-नऊ तासांनी सेंट लुशियाच्या दक्षिण टोकाचा हेवानोरा विमानतळ. पाच रात्री तिच्या हॉटेलात. त्यांतली एक सकाळ कास्त्रीजच्या चौकासाठी, माझी. एक दिवस पितों या जुळ्या सुळक्यांसाठी, दोघांचा. बाकी रकान्यांत तिने काहीच लिहिलेले नाही, आणि तिच्या रजिस्टरमध्ये रिकामा रकाना मी प्रथमच पाहतो आहे. नंतर चार रात्री त्रिनिदाद. चग्वानासला नायपॉलच्या आजोळचे ‘लायन हाऊस’ आहे, ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’मधल्या हनुमान हाऊसचा मूळ नमुना. जवळच फेलिसिटी हे गाव. तिथल्या रामलीलेने वॉलकॉटने 1992 चे नोबेल व्याख्यान सुरू केले आणि कबूल केले की आपण जिला नाटक समजलो ती करणाऱ्यांची श्रद्धा होती. एवढ्या मोठ्या कवीला शेजारच्या गावात जाऊन चूक उमगली, तर मला माझी व्हायला हरकत नाही.

आणि एक दुपार क्वीन्स पार्क ओव्हलसाठी. ती वडिलांची. गावसकरांच्याही आधी त्यांचे दैवत सुभाष गुप्ते होते. मुंबईचा हा लेगस्पिनर 1952-53 च्या दौऱ्यावर वेस्ट इंडीजमध्ये गेला, पाच कसोट्यांत 27 बळी घेतले, आणि त्याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांना कॅरल भेटल्या. पुढे कसोटी कारकीर्द संपल्यावर ते तिथेच स्थायिक झाले आणि 2002 च्या मे अखेरीस पोर्ट ऑफ स्पेनलाच वारले. वडील म्हणत, “पाहुणा म्हणून गेला आणि जावई झाला.” पर्यटक आणि स्थानिक या माझ्या पेपरातल्या दोन कप्प्यांत हा तिसरा माणूस कुठेच बसत नाही. आम्हाला जावई होता येणार नाही. नऊ रात्रींत पाहुणे नीट होता आले तरी पुष्कळ.

गेल्या रविवारी दुपारी फाटकाशी एक गाडी थांबली. आत पाच-सहा जण. “अंकल, बीच किधर है?” मी हात करून दाखवले. “और यहाँ देखने लायक क्या है?” मी विचारात पडलो. जिथे बोट दाखवले त्या वाटेवरच वाडी होती, आता पत्र्याचे कुंपण आहे. पत्नी बाहेर आली. गाडीतल्या लहान मुलीला पाणी हवे होते, तिने तांब्याभर आणून दिले. वयस्कर बाईंना बाथरूमला जायचे होते, त्यांना आत नेले. गाडी गेली. तिने पायपुसणे झटकले, टेबलाशी येऊन बसली आणि रजिस्टर उघडून शेवटच्या रकान्यात एक ओळ लिहिली. मी वाचली: ‘खोली आवरणाऱ्या बाईंसाठी पाकीट. रोज सकाळी, उशीवर. शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये; तोवर बाई बदलली असेल.’

त्या मुलीचे बोलणे मी तिला कधी सांगितले होते, मला आठवत नाही. बहुधा सांगितलेच नव्हते.